माध्यम कायदा: निकाल पाठ झाले, व्यवहार राहिला

कायद्याच्या पदवीला ‘माध्यमे आणि कायदा’ हा पेपर आलाच, तर बहुधा शेवटच्या दोन वर्षांत येतो आणि तोही ऐच्छिक म्हणून. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सक्तीच्या विषयांची यादी आहे. करार, गुन्हे, संविधान, मालमत्ता, कौटुंबिक कायदे, कर, पर्यावरण, कामगार कायदे हे सगळं तीत सापडतं. माध्यम कायदा सापडत नाही. त्यामुळे हा विषय एखाद्या महाविद्यालयात शिकवला जाणार की नाही, हे तिथे त्याची आवड असलेला शिक्षक आहे की नाही यावर ठरतं. तो शिक्षक सोडून गेला की पेपर बंद पडतो आणि विद्यार्थी बँकिंगचा किंवा विम्याचा कायदा घेऊन मोकळे होतात.

तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयाला प्रतिष्ठा आली आहे, हे मान्य करायला हवं. हैदराबादच्या नालसार विद्यापीठाने माध्यम कायद्याची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने सुरू केली, त्यामुळे नोकरी सांभाळून कायदा शिकण्याची सोय पत्रकारांनाही झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१३ मध्ये सेंटर फॉर कम्युनिकेशन गव्हर्नन्स उभं राहिलं आणि इंटरनेट, खासगीपणा, अभिव्यक्ती या प्रश्नांवर नेटाने संशोधन होऊ लागलं. ऑक्सफर्डला २००८ पासून मनरो प्राइस यांच्या नावाची माध्यम कायद्याची अभिरूप न्यायालय स्पर्धा भरते; तिची दक्षिण आशियाची फेरी दिल्लीत होत आली आहे आणि तिथे आपली मुलं उत्तम युक्तिवाद करतात. महाराष्ट्रात मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचं आयएलएस ही जुनी ठिकाणं आहेतच. शिवाय मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं २०१४ नंतर उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या संशोधन नियतकालिकांत इंटरनेटबंदी, विदा संरक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर भरभरून लिहिलं जातं.

मग अडतं कुठे? माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे माध्यम कायदा हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मालिका म्हणून शिकवला जातो. वर्तमानपत्र, वाहिनी, रेडिओ किंवा पोर्टल रोजच्या रोज ज्या कायद्याला तोंड देतं तो कायदा, आणि त्यामागचं धोरण कोण ठरवतं हा प्रश्न, दोन्ही वर्गाबाहेर राहतात.

ही मालिका ठरलेली आहे. सुरुवात १९५० च्या रोमेश थापर खटल्याने होते. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी घातली होती, ती न्यायालयाने उठवली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. मग सकाळ, बेनेट कोलमन, इंडियन एक्स्प्रेस, राजगोपाल, श्रेया सिंघल, अनुराधा भसीन. कलम १९(१)(अ) ने दिलेलं आणि १९(२) ने आवळलेलं स्वातंत्र्य कुठवर ताणता येतं, याचा हा आलेख महत्त्वाचा आहे यात वाद नाही. पण हे सगळं विद्यार्थ्याने संविधानाच्या पेपरात एकदा वाचलेलं असतं. माध्यम कायद्याच्या नावाखाली त्याला संविधानाचाच उत्तरार्ध मिळतो.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा स्वतःचा इतिहास वेगळं सांगतो. टिळक आणि कायदा म्हटलं की राजद्रोह आठवतो: १८९७ चा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा, १९०८ चा खटला आणि मंडाले. पण ‘केसरी’ला पहिला तडाखा बसला तो अब्रुनुकसानीच्या फौजदारी खटल्याने. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कोरडे ओढले. ज्या पत्रांच्या आधारे हा मजकूर छापला ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. माध्यम कायद्याच्या पहिल्या तासाला शिकवायचा असेल तर हाच खटला शिकवावा. यात सगळं आहे: सूत्राने दिलेला कागद, तो खरा आहे की नाही हे पाहण्याची घाई-गर्दीतली जबाबदारी, सत्ताधाऱ्याच्या बाजूने वापरला जाणारा फौजदारी कायदा, माफी मागावी की लढावं हा पेच, आणि या सगळ्यात टिकून राहिलेलं वृत्तपत्र. अब्रुनुकसानी हा गुन्हा आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो घटनात्मक ठरवला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो आज बसला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकाराला राजद्रोहाच्या खटल्यापेक्षा अब्रुनुकसानीची नोटीस येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

आणि टिळक स्वतः कायद्याचे शिक्षकही होते. पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षेसाठी वर्ग चालवला होता. पत्रकारिता आणि कायद्याचं अध्यापन एकाच माणसाच्या दिनक्रमात मावत होतं, अशी आपली परंपरा आहे.

सकाळ खटल्याचं उदाहरण घेऊ, कारण तो प्रत्येक अभ्यासक्रमात आहे आणि तरीही अर्धाच शिकवला जातो. १९५६ च्या किंमत व पृष्ठ कायद्यानुसार केंद्राने १९६० मध्ये आदेश काढला: अमुक किंमत असेल तर आठवड्यात तमुक इतकीच पानं छापता येतील. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा. आठवड्याचे पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार पानं, म्हणजे रविवार सोडून चौतीस पानं. नव्या आदेशाप्रमाणे त्याच किमतीत चोवीसच पानं छापता आली असती. दहा पानं कमी करा, नाहीतर किंमत वाढवा. पानं कमी केली तर बातम्या आणि मतं कमी होतात. किंमत वाढवली तर वाचक कमी होतात. दोन्हीकडून अभिव्यक्तीलाच कात्री लागते, असं म्हणून न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा आणि आदेश रद्द केला. विद्यार्थी वहीत लिहितो: ‘खप हाही अभिव्यक्तीचा भाग.’ बरोबर आहे.

पण सरकारने हा कायदा का केला होता? न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये किंमत आणि पानांची सांगड घालण्याची शिफारस केली होती. भांडवलाच्या जोरावर स्वस्तात जाडजूड अंक देणाऱ्या मोठ्या पत्रांपुढे लहान पत्रं टिकणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. ती भीती खोटी नव्हती. न्यायालयाने उपाय रद्द केला, कारण ‘सर्वसामान्य जनतेचं हित’ हे कारण १९(२) मध्ये नाही. रोग मात्र तसाच राहिला. १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात वृत्तपत्री कागदाच्या धोरणावर हाच वाद पुन्हा आला, आणि न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी भिन्नमतात विचारलं की बोलण्याची साधनं मोजक्यांच्या हाती असतील तर स्वातंत्र्य नेमकं कुणाचं. ते भिन्नमत वर्गात क्वचितच वाचलं जातं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये माध्यमांच्या मालकीबद्दल सविस्तर शिफारशी केल्या. त्यांचा कायदा अजून झालेला नाही. एकाच उद्योगसमूहाकडे किती वाहिन्या, किती वर्तमानपत्रं, किती वितरण असावं, या प्रश्नावर वर्गात दोन आठवडे खर्ची पडले तरी मला ते कमी वाटतील. निकाल इथे संपतो, धोरण इथून सुरू होतं.

मालकी जाणून घेण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पाहुणा शिक्षक म्हणून हा विषय शिकवताना मी विद्यार्थ्यांना तालुक्याच्या एखाद्या साप्ताहिकाचा अंक देतो आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेला मजकूर तेवढा वाचायला सांगतो. मालक, मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, संपादकाचं नाव आणि पुढे कंसात, बातम्यांच्या निवडीस पीआरबी कायद्यान्वये जबाबदार. चौथ्या वर्षाच्या मुलांनी ही ओळ जन्मात कधी वाचलेली नसते. एकाच नावापुढे तीन-तीन जबाबदाऱ्या का आहेत? छापखाना दुसऱ्याच गावी का आहे? खटला भरायचा तर आरोपी कोण? संपादकाचं नाव आणि अंक प्रत्यक्ष काढणारा माणूस वेगळा असेल तर काय? त्या ओळीमागे १८६७ चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायदा होता. जिल्हाधिकारी कार्यालयात घोषणापत्र दाखल करायचं, मग दिल्लीहून शीर्षक मंजूर व्हायचं आणि नोंदणी क्रमांक मिळायचा, ही यातायात मराठीतल्या प्रत्येक लहान संपादकाने केलेली आहे. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा २०२३ च्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली. अर्ज ऑनलाइन झाले, तुरुंगवासाच्या बऱ्याच तरतुदी जाऊन दंड आले. हे चांगलं झालं. पण याच कायद्यात दहशतवादी वा बेकायदा कृत्यासाठी शिक्षा झालेल्या व्यक्तीबरोबरच राज्याच्या सुरक्षिततेविरुद्ध काहीही केलेल्या व्यक्तीलाही नियतकालिक काढण्यास मनाई आहे. पहिल्या बाबतीत न्यायालयाचा निकाल असतो. दुसऱ्या बाबतीत ते ‘काहीही’ कोण ठरवणार? असा तास झाला की मुलं आपणहून जिल्ह्यातल्या संपादकांना भेटायला जातात, हा माझा अनुभव आहे.

त्याच साप्ताहिकाचं अर्थकारणही त्याच अंकात दिसतं. जाहीर नोटिसा, निविदा, ग्रामपंचायतीच्या शुभेच्छा. शासनाच्या जाहिरात यादीवर नाव आहे का, अ-ब-क पैकी कोणत्या श्रेणीत आहे, दर काय मिळतो, बिल कधी निघतं, यावर त्या पत्राचं जगणं अवलंबून असतं. यादीवरून नाव काढण्यासाठी कोणतीही सेन्सॉरशिप लागत नाही. प्रशासकीय कायद्याचा पेपर सक्तीचा आहे. समान वागणूक, कारणं देण्याचं बंधन, म्हणणं मांडण्याची संधी ही तत्त्वं विद्यार्थी त्यात शिकतो. ती जाहिरात यादीला लावून दाखवणारा धडा मात्र कुठे दिसत नाही.

आता न्यायालयांकडे वळू, पण खालच्या. माध्यमांबद्दलचे सर्वांत परिणामकारक हुकूम सर्वोच्च न्यायालयात होत नाहीत, दिवाणी न्यायालयांत होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या आदेशाखाली अर्ज येतो, समोरच्याचं ऐकण्याआधी एकतर्फी मनाई हुकूम मिळतो आणि बातमी उतरवली जाते. खटला पुढे वर्षानुवर्षं चालतो; तोवर बातमीचं आयुष्य संपलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच हुकूम रद्द केला आणि खटल्याआधी लेखन रोखणारे हुकूम यांत्रिकपणे देऊ नयेत, असं बजावलं. हा निकाल वर्गात शिकवला जाईलही. पण मनाई अर्जाला चोवीस तासांत उत्तर कसं लिहायचं, वार्ताहराची टिपणं आणि ध्वनिमुद्रण कसं जपायचं, सत्य आणि सार्वजनिक हित हा बचाव कोणत्या कागदांनी उभा करायचा, हे शिकवल्याशिवाय तो वकील त्या संपादकाच्या काय कामाचा? दहा कोटींच्या नुकसानभरपाईची नोटीस आली म्हणून छोटा संपादक गर्भगळीत होतो. त्यातली किती रक्कम निव्वळ दडपणासाठी आहे हे सांगणारा माणूस त्याला त्याच दिवशी हवा असतो.

इंटरनेटच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दोन मोठे धडे दिले आहेत. पहिला पालघरचा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल २०१२ च्या नोव्हेंबरात फेसबुकवर केलेल्या एका नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली. त्या संतापातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले, आणि हे थांबवा असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सांगावं लागलं. निकालाने कायदा बदलतो, पण तो ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोचायला वेगळीच यंत्रणा लागते. या यंत्रणेचा अभ्यास म्हणजेच धोरणाचा अभ्यास.

त्याच २०१५ च्या निकालाने संकेतस्थळं रोखण्याचा अधिकार देणारं कलम ६९-अ कायम ठेवलं, कारण त्याला समितीची, लेखी कारणांची आणि सुनावणीची चौकट आहे. मात्र २००९ च्या नियमांतला सोळावा नियम या सगळ्यावर गोपनीयतेचा पडदा टाकतो. ज्याचं लेखन रोखलं त्यालाच हुकूम बघायला मिळाला नाही, तर तो आव्हान कशाला देणार? आणि गेल्या काही वर्षांत या चौकटीलाही बगल मिळाली आहे. कलम ७९(३)(ब) खाली निरनिराळ्या यंत्रणा ‘सहयोग’ पोर्टलवरून थेट कंपन्यांना मजकूर काढायला सांगतात. एक्स कंपनीने त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. न्यायालयाचा हुकूम नाही, समिती नाही, लेखकाला नोटीस नाही. माध्यम कायद्याचा आजचा गाभा इथे आहे आणि पाठ्यपुस्तकं अजून राजद्रोहाच्या प्रकरणावर वीस पानं खर्च करतात. तेही शिकवावंच, कारण न्याय संहितेच्या कलम १५२ च्या रूपाने त्याचा वारसा उरला आहे. पण प्रमाण बघायला हवं.

दुसरा धडा मुंबई उच्च न्यायालयातला. सरकारच्या कारभाराबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवायचं, अशी दुरुस्ती २०२३ च्या एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी तो वैध ठरवला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी त्याच वर्षी २० सप्टेंबरला पटेल यांच्या बाजूने मत दिलं. अध्यापनाला याहून चांगला मजकूर मिळणार नाही. तीच वस्तुस्थिती, तेच कलम, आणि तीन न्यायाधीशांची तीन सविस्तर मतं. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू आलटून पालटून मांडाव्यात. मला पटेल यांचं मत पटतं. पण गोखले यांचं मत न वाचता ते पटणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देणार नाही.

दृक्‌श्राव्य माध्यमांचा भाग अभ्यासक्रमात सर्वांत दुबळा आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीत क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं. तीस वर्षं उलटली, पण खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची आजही मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं पुढे पाठवता येतं. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र घ्या. त्या दुष्काळी पट्ट्यातल्या बाया-माणसांपर्यंत त्यांच्याच बोलीत पोचणारं हे माध्यम. हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती ते देऊ शकतं, कारण नियमावलीने ती ‘बातमी’त धरलेली नाही. पण चारा छावणीच्या हिशेबात गोंधळ झाला, तर ती बातमी गावातलं साप्ताहिक छापू शकतं, गावातला यूट्यूबवाला दाखवू शकतो. रेडिओ सांगू शकत नाही. यामागे कोणतं कलम आहे? कलम नाहीच, परवान्याची अट आहे. संसदेत चर्चा न होता, राजपत्रात फारसं न गाजता, परवान्याच्या कागदातून एका संपूर्ण माध्यमाचं तोंड बंद करता येतं. हे ज्या विद्यार्थ्याला कळलं, त्याला माध्यम धोरण कळलं.

दूरचित्रवाणीबद्दल थोडक्यात. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कडक निकाल दिला. तपास सुरू असताना वाहिन्यांनी चालवलेले खटले न्यायदानात ढवळाढवळ करतात, असं त्यात म्हटलं आहे. वाहिन्यांच्या स्वनियंत्रण संस्थेची दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती आणि ती परिणामशून्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये बोलून दाखवलं. प्रेस कौन्सिलला तर तेवढाही अधिकार नाही. ते फक्त ताशेरे ओढतं. मग नियंत्रण कुणी करावं? सरकारने, न्यायालयाने, की खरोखर दात असलेल्या स्वतंत्र मंडळाने? माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि त्या मंडळात वाचक-प्रेक्षकांना जागा हवी.

महाराष्ट्रातल्या खटल्यांत तर खजिना आहे. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ‘ब्लिट्झ’विरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी हुकूम दिला; साक्ष छापून आल्याने धंद्याला फटका बसतो, अशी त्या साक्षीदाराची तक्रार होती. बातमीदार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हुकूम कायम केला आणि एकट्या हिदायतुल्ला यांनी भिन्नमत लिहिलं. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेबद्दल झालेली शिक्षा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरचा निकाल २०१५ चा. त्यात न्यायालयाने थोर पुरुषांच्या नावांसाठी जवळजवळ वेगळीच कसोटी तयार केली. मला तो निकाल चुकीचा वाटतो. या साहित्याचा अभ्यास करायला आपल्या विद्यार्थ्यांइतके योग्य वाचक देशात दुसरे नाहीत, कारण ते मूळ मजकूर वाचू शकतात.

पण अभ्यासाची साधनं जवळपास सगळी इंग्रजीत आहेत. माधवी गोराडिया दिवाण यांचं ‘फॅसेट्स ऑफ मीडिया लॉ’ किंवा गौतम भाटिया यांचं ‘ऑफेंड, शॉक ऑर डिस्टर्ब’ ही पुस्तकं चांगली आहेत, जरूर वाचावीत. मात्र राज्यातल्या जिल्हा महाविद्यालयांत मोठ्या संख्येने विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात, विद्यापीठाची उत्तरपत्रिकाही अनेक जण मराठीत लिहितात, आणि त्यांचे भावी अशील मराठीतच बातम्या लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने आता आपले निकाल मराठीतही उपलब्ध करायला सुरुवात केली आहे. त्यांतले माध्यमांविषयीचे पंचवीस-तीस निकाल निवडून, टिपांसह एक मराठी वाचनग्रंथ तयार करणं कोणत्याही एका विद्यापीठाच्या आवाक्यातलं काम आहे.

नोकऱ्यांचा ओढा दुसरीकडे आहे, हेही नमूद करतो. मुंबईत ‘मीडिया लॉ’ म्हणजे व्यवहारात मनोरंजन कायदा: चित्रपटांचे करार, संगीताचे हक्क, ओटीटीवरच्या मालिकेची कायदेशीर तपासणी. २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केल्यापासून या शाखेत नवं कामही आलं आहे. तिथे पैसा आहे, हुशार मुलं तिकडे जाणार आणि त्यात गैर काही नाही. पण वृत्तपत्राच्या बाजूला उभा राहणारा वकील घडवण्याची जबाबदारी मग बाजारावर सोडता येत नाही.

आणि त्या वकिलाची गरज वाढते आहे. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा आणि त्याखालचे वेतन मंडळ ही व्यवस्था २१ नोव्हेंबर २०२५ ला श्रमसंहिता लागू झाल्यावर इतिहासजमा झाली. तालुका वार्ताहर तसाही त्या व्यवस्थेच्या कडेवरच होता. अनेक ठिकाणी त्याची कमाई म्हणजे आणलेल्या जाहिरातींवरचं कमिशन. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा मंजूर केला, तो देशात वेगळा ठरला. पण नेमणुकीचं पत्रच नसलेल्या वार्ताहराने ‘मी पत्रकार’ हे सिद्ध कसं करायचं? विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात पत्रकारितेला सूट नाही, जी न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात होती. त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं केलं. ग्रामपंचायतीतल्या लाभार्थ्यांच्या यादीवर बातमी करणाऱ्याला याची झळ सर्वांत आधी लागेल.

विद्यार्थी काय करू शकतात, याचा दाखला आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी आणि शुक्रवारी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत नव्हता. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातला स्वप्निल त्रिपाठी हा विद्यार्थी त्याविरुद्ध न्यायालयात गेला, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचा मार्ग खुला झाला. आज घटनापीठासमोरची सुनावणी परभणीत बसून बघता येते, ती त्यामुळे. अमेरिकेत येल विद्यापीठात तर विद्यार्थ्यांनीच २००९ मध्ये पत्रकारांना विनामूल्य कायदेशीर मदत देणारं केंद्र सुरू केलं. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली मुलं खरी प्रकरणं हाताळतात.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक विधी महाविद्यालयात कायदेविषयक मदत केंद्र असलंच पाहिजे, हा बार कौन्सिलचाच नियम आहे. वकिली करणाऱ्याला दिवसाकाठी तीन तासांपर्यंत शिकवण्याची परवानगीही केंद्र सरकारच्या नियमांत आहे, म्हणजे माध्यमांची प्रकरणं लढवणाऱ्या वकिलाला शिक्षक म्हणून बोलावता येतं. विद्यार्थ्यांना न्यायालयात उभं राहता येणार नाही; पण नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणं, माहिती अधिकाराचं पहिलं अपील लिहून देणं, छापण्याआधी मजकूर तपासणं, मजकूर काढण्याचा हुकूम आल्यास तो कोणत्या कलमाखाली आहे हे शोधणं, हे सगळं त्यांना करता येतं. राज्यातल्या विधी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: येत्या सत्रापासून त्या केंद्राचा आठवड्यातला एक वार पत्रकारांसाठी राखून ठेवा, तसं पत्र जिल्हा पत्रकार संघाला पाठवा, आणि माध्यम कायद्याच्या पेपरचे निम्मे गुण त्या टेबलावर झालेल्या कामाला द्या.